टाचेने ओढलेली रेघ

चुन्याची पुडी समोर असली तरी मामा कबड्डीची मधली रेघ उजव्या टाचेनेच ओढायचे. फर्रकन! ती थोडी तिरकी यायची आणि आम्हाला तीच सरळ वाटायची. मग मांडीवर थाप मारून ओरडायचे, "गड्याक शिवून रेघेक परत ये, मगे फुशारकी मार!"

मुलुंडच्या आमच्या कारखान्यात मामा लेथवर होते आणि संध्याकाळी आमच्या संघाचे गुरू. असा एखादा मामा तुम्हीही पाहिला असेल. चढाई दुसराच करतो आणि घाम बाहेर उभ्या असलेल्या ह्यांना फुटतो!

अंतिम सामना तोंडावर आला आणि त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडू लागला. डॉक्टर म्हणाले, "पायातल्या रक्तवाहिन्यांना आतून सूज आलीय. तिथे रक्ताच्या गुठळ्या होतायत. तंबाखू सोडा, नाहीतर पाय कापावा लागेल." त्याच संध्याकाळी मामांनी बिड्यांचं बंडल आमच्यादेखत गटारात फेकलं. आम्ही टाळ्या पिटल्या.

तरी काळेपणा वाढतच गेला. डॉक्टर भडकले, "चोरून ओढता ना?" मामा दवाखान्याबाहेर येऊन आमच्यावरच तडकले, "आईशप्पथ, बिडीक हात लावूक नाय मी!" आमचा त्यांच्यावर विश्वास होता, म्हणून तर जास्त भीती वाटली.

सामन्याच्या सकाळी त्यांना न्यायला चाळीत गेलो. मामा गॅलरीत बसलेले, काळं बोट तोंडात. आत मामी तव्यावर तंबाखू जाळत होत्या.

"मामा, हे काय?"

"मशेरी. दात घासतंय."

"अहो, तंबाखूच ना ती!"

"ही काय ओढूची असा? दात वर, पाय खाली. संबंध खंयचो?"

मला हसू फुटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या काळ्या अंगठ्याकडे नजर गेली. मामी उठल्या. गरम तवा पदराने धरून त्यांनी मोरीत उपडा केला. लहानपणापासून त्याही मशेरी लावत होत्या.

"आजपासून माझी पण बंद," त्या म्हणाल्या. मामांनी उठून खळखळून चूळ भरली.

सामना आम्ही हरलो. खड्ड्यात गेला सामना! काही महिन्यांनी मामा मैदानात आले. अंगठा गेला होता, पण पाय होता! त्यांनी चप्पल काढली, टाच मातीत रोवली आणि फर्रकन रेघ ओढली. आम्ही असे किंचाळलो की समोरच्या सोसायटीच्या खिडक्या उघडल्या.

पुढे मामा आपल्या दोन्ही पायांनी चालत गावच्या एसटीत चढले आणि गावीच वारले. मैदानात आता दोरी धरून चुन्याची रेघ मारतात. मला ती अजून तिरकी वाटते.