फॉईलचं मखर आणि माझी भक्ती

चहा घ्या आधी, आणि हसणार नाही असं कबूल करा. माझ्या हातून झालेला गाढवपणा सांगतोय, आणि तोही ऐन गणपतीत, देवाच्या पुढ्यात!

आम्ही राहतो कसबा बावड्यात. थर्माकोल आता चालत नाही, म्हणून मी पुठ्ठ्याचं मखर केलं आणि त्यावर चपात्या गुंडाळायची अ‍ॅल्युमिनियमची फॉईल चिकटवली. काय झळाळी म्हणता! कमानीवर दिव्यांची माळ सोडली. ती घसरू नये म्हणून स्टेपलरनं वीत-वीत अंतरावर पिना मारल्या. मी कामाला फार काटेकोर. तोच काटेकोरपणा नडला, पण ते पुढं.

पहिल्या दिवशीची आरती झाली. आमच्या बायकोनं, सुलभानं, कमानीला हात लावून नमस्कार केला आणि किंचाळली, "आवं! हातातनं मुंग्या आल्या!"

मी पूजेच्या पाटावर उभा होतो. मीही हात लावला. काही नाही.

"तुला भास झाला."

"भास? तुमी लावा ओ वैनी!"

शेजारच्या वहिनींनी लावला. "व्हय की! कोपरापर्यंत झिणझिणलं!"

झालं! दुसऱ्या दिवशी दारात चपलांचा ढीग. "जागृत गणपती ह्योच न्हवं?" म्हणत लोक अनवाणी आत येत, हात लावत, शहारत, डोळे पुसत बाहेर पडत. आणि मी? दोन वेळा पाटावर उभा राहून पूजा करत होतो आणि माझ्या हाताला ढिम्म काही कळत नव्हतं.

सुलभा माझ्याकडं पोलिसासारखी बघायला लागली.

"सगळ्या गल्लीला येतंय आनि घरच्या यजमानाला न्हाय? श्रावणात कुठं तांबडा रस्सा हाणून आलायसा का?"

"नाही गं!"

"मग देव काय उगंच रुसलाय व्हय?"

काय सांगू, माझंच मन मला खायला लागलं. मी चहा सोडला. कांदा-लसूण सोडलं. शेवटी ठरवलं, गौरीजेवणाच्या दिवशी कडक उपास करायचा आणि देवापुढं शरण जायचं.

त्याच दिवशी आक्का येणार होत्या. आक्का म्हणजे समोरच्या घरातल्या, पंच्याहत्तरी गाठलेल्या. छातीत पेसमेकर बसवलेला. गुडघ्यांमुळं आत्तापर्यंत आल्या नव्हत्या. "गौरी जेवल्या की येतो," त्यांनी निरोप धाडला होता, "दोनी हात टेकून बसतो देवाजवळ. ह्या मशीनीचं तरी कल्यान हुईल."

दुपारी अंघोळ केली. अंग न पुसता, ओल्या धोतरानं आलो. खोली माणसांनी भरलेली. मनात आलं, देवापुढं पाट कशाला? तोच अहंकार असेल. पाट पायानं बाजूला सारला, ओले पाय फरशीवर टेकवले, डोळे मिटले आणि दोन्ही तळवे कमानीवर ठेवले.

आई शप्पथ!

मी मागं फेकलो गेलो ते थेट मोदकांच्या ताटात बसलो. दात कडकड वाजत होते. आणि त्या कडकडाटात मला लख्ख कळलं. हा झटका मी ओळखत होतो. आमच्या जुन्या इस्त्रीचा हाच! अहो, पीन! कुठली तरी पीन माळेच्या वायरीत घुसली होती, आणि फॉईलनं तो करंट अख्ख्या मखरभर वाटला होता. आणि मी? इतके दिवस लाकडी पाटावर सुखरूप!

मान वर केली, तर दारात आक्का. नुकतेच पाय धुतलेले, पाणी निथळत होतं. दोन्ही हात पुढं.

"लावू नका!" मी ओरडलो. "कुणी हात लावू नका!"

आवाज असा घोगरा निघाला की सगळे माझ्याकडं वळले. मग कुणीतरी म्हणालं, "अंगात आलं!"

"अहो, करंट आहे! मेन बंद करा!"

कोण बंद करतंय? माणसं हात जोडून उभी! सुलभानं माझ्या कपाळाला कुंकू फासलं. आक्का डोळे मिटून पुढंच सरकत होत्या. मखर हातभर उरलं. मेनचा बोर्ड बाहेर व्हरांड्यात, मधे सगळी गल्ली. प्लग मखराच्या मागं!

पाट उचलला, आक्कांच्या आणि मखराच्या मधे आपटला, त्यावर उडी मारली. आक्का माझ्या पाया पडल्या. मी माळेची वायर धरून अशी हिसडली की प्लग सुटून आला. दिवे गेले.

त्याच क्षणी माझ्या बगलेतून आक्कांचे हात मखरावर टेकले.

"काय बी हुईना की ओ," आक्का हिरमुसून म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. फॉईल, पीन, पाट, सगळं.

"म्हंजे चार दिस सगळी गल्ली जित्त्या वायरीच्या पाया पडत हुती?" आक्कांनी मखराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "तरी जागृतच म्हनायचा देव. तुमच्यापासनं वाचवलं न्हवं आमाला!"

माणसं पांगली. मी धोतराला चिकटलेले मोदक काढत बसलो. मग सुलभा पाट जागेवर ठेवत म्हणाली,

"लगीन झाल्यापासनं आज पयल्यांदा तुमच्यात काय तरी तेज दिसलं हुतं. त्ये बी मीटरवरचंच निघालं."