वंगणरावाचे कोरडे ब्रेक

त्याचा दिवस पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. चारला उठलं तर दहा मिनिटं फुकट जातात, सव्वाचारला उठलं तर पाच कमी पडतात, असं त्याचं म्हणणं. पहिली पाळी सहाची. पण यंत्रं सहाला सुरू व्हायची तर तेल त्याआधी पोटात जायला हवं, आणि ते घालणारा हा एकटा. हुद्दा ऑइलमन. आम्ही त्याला वंगणराव म्हणायचो. पुढे पुढे पगारपत्रकावरचं खरं नाव वाचून नवा कारकून विचारायचा, हा कोण?

मी त्याच कारखान्यात फिटर होतो. त्यामुळे त्याचं काम रोज बघितलं आहे. तेलाची छिद्रं तीनशे अठरा. प्रत्येकात तीन थेंब. दोन घातले तर यंत्र रडतं आणि चौथा जमिनीवर सांडून त्यावरून माणूस पडतो, असं तो सांगायचा. लांब चोचीचा डबा उजव्या हातात, फडकं खिशात. थेंब घातले की डाव्या हाताची पालथी बाजू बेअरिंगवर टेकवायची, आई पोराचा ताप बघते तशी. "चौतीस वर्षांत माझं एक बेअरिंग तापलं नाही," एवढी एकच बढाई त्यानं आयुष्यात मारली. ती खरी होती. तापलेली बेअरिंगं दुरुस्तीला माझ्याकडेच आली असती.

शेवटच्या दोन वर्षांत कारखान्यानं नळ्या टाकल्या आणि पंप बसवला. तेल आपोआप जायला लागलं. वंगणरावाला फाटकाजवळ झाडू दिला. त्यानं झाडूकाम नीट केलं. पण चार-दहाला उठणं सोडलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यानं घर धरलं. त्याच्या घरात एकही बिजागरी वाजत नाही. वहिनी वैतागतात. "भाऊजी, ह्यांच्यामुळे चोर आला तरी दार बोलायचं नाही. हे तर मांजरासारखे मागे येऊन उभे राहतात!" बिजागऱ्या संपल्या तेव्हा गाडी आली. मुलगी परिचारिका. टेकडीवरच्या दवाखान्यात तिची नेमणूक झाली, वर बस नीट जात नव्हती. निवृत्तीच्या पैशातून त्यानं तिला एक जुनी गाडी घेऊन दिली आणि तिची देखभाल स्वतःकडे ठेवली. तेल बदलायचं, फिल्टर बदलायचे, बॅटरीत पाणी बघायचं. दर रविवारी गाडीची चावी तो मागून घ्यायचा. झाडूनंतर त्याच्या हाताला मिळालेलं खरं काम एवढंच.

मग ब्रेक लागताना खरखर यायला लागली. मी चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं. पॅड संपत आले होते आणि ते ज्या चकतीला आवळून चाक थांबवतात त्या डिस्कवर बोटाला लागतील अशा चरी पडल्या होत्या.

मुलगी म्हणाली, "बाबा, बाकी काहीही करा. ब्रेक गॅरेजला देऊ."

"बाकी काहीही करतोच आहे की."

"तो उतार तुम्ही बघितलाय ना? खाली वळणावर भिंत आहे."

"बघितलाय म्हणूनच दुसऱ्याच्या हातात देत नाही."

गॅरेजवाला बुधवारशिवाय हात लावणार नव्हता आणि तिची पाळी सोमवारी सकाळची होती. शेवटी ती कबूल झाली, पण अटीवर. एक, काका, म्हणजे मी, सोबत असायला हवा. दुसरी अट तिनं त्याच्याकडे सरळ बघत सांगितली. "ह्यात काही चुकलं तर पुन्हा चावी मागायची नाही. कधीच."

"नाही मागणार," तो म्हणाला.

रविवारी सकाळी आठला आम्ही बसलो. मागच्या चाकांना दगडाची अडण लावली. पुढचे नट चाकं जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग खाली लोखंडी स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करणारे मी पाहिले आहेत. त्यातला एक आता काठी घेऊन चालतो. चाक काढलं, पॅड धरणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, सोडवलं आणि तारेनं वर टांगलं, नाहीतर त्याचं वजन ब्रेकच्या रबरी नळीवर येतं. जुनी डिस्क गंजून चिकटली होती. लाकडाचा ठोकळा मध्ये धरून ती सगळीकडून सारखी ठोकत राहिलो. वीस मिनिटं लागली. घाई केली असती तर चाळीस लागली असती. डिस्कमागची बैठक तारेच्या ब्रशनं घासली. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून कारखान्यातूनच चिकट थर देतात. तो स्पिरिटनं पुसला, दोन्ही डिस्कचा, दोन्ही बाजूंनी. पॅड ढकलणारा पिस्टन क्लॅम्पनं सावकाश आत दाबला, नवे पॅड बसवले. उजवी बाजू झाली. डावीचे पॅडही बसले. तेवढ्यात वहिनींनी जेवायला हाक मारली.

"तू हो पुढे," वंगणराव म्हणाला. "चाक चढवून आलोच."

मी हात धुवायला गेलो. इथे माझी चूक झाली. दुसऱ्याच्या हातातलं काम न बघता चाक चढू दिलं. फिटरनं असं करायचं नसतं.

जेवण झाल्यावर नट आडवे-तिडवे आवळले, गाडी खाली घेतली, पेडल कडक होईपर्यंत दाबलं. मी स्टिअरिंगवर बसलो, तो शेजारी. गल्लीत माणूस चालतो त्या वेगानं निघालो आणि फाटकापाशी ब्रेक मारला. गाडी थांबायच्या ऐवजी उजवीकडे ओढली गेली. फाटकाच्या कट्ट्याला टायर घासला आणि वहिनींची कुंडी फुटली.

आवाजानं दोघी बाहेर आल्या.

"माझी कुंडी!" वहिनी म्हणाल्या.

मुलगी कुंडीकडे बघतच नव्हती. "काका, ब्रेक लागला नाही का?"

"उजवा लागला. डावा नाही."

डावं चाक परत काढलं. डिस्कवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. तो वास मी चौतीस वर्षं घेतला आहे. गाडीच्या कुठल्याही तेलाचा तो नाही. यंत्राचं पातळ तेल. डिस्कवर एकसारखं, पातळ, कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही. असा हात एकाच माणसाचा.

मी बोललो नाही. मित्र होता.

"दुकानदारानं पॅड खराब दिले," मुलगी तावातावानं म्हणाली. "थांबा, पावती आणते. आत्ता जाऊन त्याला धरते."

ती वळली. वंगणराव स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होता. मग त्यानं खिशातलं फडकं काढलं, हुंगलं, आणि तो पायरीवर बसला.

"दुकानात भांडू नकोस," तो म्हणाला. "तेल माझं आहे."

"म्हणजे?"

"चाक चढवायला घेतलं. डिस्क उघडी, चकचकीत. आभाळ आलेलं. एवढं कोरं लोखंड मी कधी कोरडं सोडलेलं नाही. हात गेला. मला कळलंसुद्धा नाही ग."

"अहो, ब्रेकला तेल?" वहिनी म्हणाल्या. "हे मलासुद्धा कळतं."

"मलाही कळतं," तो म्हणाला. "हाताला नाही कळत."

त्यानं शर्टाच्या खिशातून गाडीची चावी काढली आणि मुलीपुढे धरली. ठरलं होतं तसं. तिनं ती घेतली.

पॅडनी तेल प्यायलं होतं. ते पुसून निघत नाही, आणि पॅड बदलायचे तर दोन्ही चाकांचे बदलायचे, नाहीतर गाडी पुन्हा एका बाजूला ओढते. तो घरात जाऊन पेन्शनचं पाकीट घेऊन आला. मुलगी म्हणाली, मी देते. त्यानं मान हलवली. दुकान बंद व्हायच्या आत ती नवे पॅड घेऊन आली. मी पाना उचलला.

"काका, तुम्ही बसा," ती म्हणाली. "बाबांना करू दे."

"अगं, पण..."

"आमच्याकडे चुकीची गोळी दिली गेली की जी नर्स स्वतः येऊन सांगते, तिच्यावर मी पेशंट सोडते. जी लपवते तिच्यावर नाही." मग ती वडिलांकडे वळली. "आणि तो डबा इकडे द्या. फडकंसुद्धा."

तेलाचा डबा मांडीवर घेऊन ती पायरीवर बसली, रडकं पोर धरून बसावं तशी. वहिनी हसल्या. वंगणराव हसला नाही. त्यानं साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा. डिस्क स्पिरिटनं पुसली आणि कापूस पांढरा निघेपर्यंत पुसत राहिला. सात बोळे लागले. मी मोजले. चाक चढवण्याआधी त्यानं मला हाक मारली, "बघ." मी बघितलं. तिला हाक मारली, "तूही बघ." तिनंही बघितलं.

ह्या वेळी ती स्वतः स्टिअरिंगवर बसली. मोकळ्या रस्त्यावर नेऊन दहा-बारा वेळा वेग घेऊन, सावकाश ब्रेक लावून पॅड मुरवून आणले. आली ती सरळ, फाटकापाशी रेघेवर थांबल्यासारखी थांबली.

वंगणराव चाकाशी उकिडवा बसला आणि सवयीनं पालथा हात डिस्कजवळ नेला. झटकन मागे घेतला.

"तापलंय," तो घाबरून म्हणाला.

"दुसरं बघ," मी म्हटलं.

तो पलीकडे गेला. हात नेला, मागे घेतला. "हेही तेवढंच."

"तापायलाच हवं, बाबा," मुलगी म्हणाली. "थंड राहिलं असतं तर मी भिंतीत असते."

तो तिथेच बराच वेळ बसून राहिला. चौतीस वर्षं जे होऊ दिलं नाही ते बघत. मुलीनं घरात जाताना चावी नेहमीच्या खिळ्याला अडकवली, त्याच्या हाताला लागेल अशी. डबा मात्र स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं.

सोमवारी तो चार-दहाला उठला. ती सहाला निघाली. तिचा फोन येईपर्यंत तो फाटकाशी उभा होता. मीही होतो. ती एवढंच म्हणाली, "पोचले."

त्याच्या कमाईतून काय काय आलं ते मला ठाऊक आहे. मुलीचं शिक्षण, ती जुनी गाडी, आणि शेवटी पॅडचे दोन संच. त्यातला एक तेल पिऊन फळीवर पडला आहे, तो टाकू देत नाही. कुंडी अजून आलेली नाही. वहिनी रोज आठवण करतात.