डेंगळा

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं घरातले सगळेच म्हणतात. मला एका जागी बसवतच नाही. दिवाळीनंतर मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, खुब्याचं ऑपरेशन झालं. आम्ही त्यांना भोरच्या फ्लॅटवर आणलं, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. त्यांच्यापेक्षा माझाच जीव जास्त गुदमरायला लागला. गुंजवण्याच्या वरच्या वाडीत जन्मभर शेळ्यांमागे हिंडलेला माणूस! डॉक्टर म्हणाले, चालवा, नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळतील. मामंजींचं एकच उत्तर, "मला वर न्या, मंग चालतो. हितं कुठं चालू? संडासापातूर?"

मी चिडायचे. वर धाकटे दीर शेळ्या बघत होते, पण घरापर्यंत गाडी जात नाही, शेवटी सगळा चढच आहे.

त्याच दिवसांत पुण्यात शिकणाऱ्या लेकीनं एक डबा पाठवला. आत मुठीएवढा कांदा आणि डब्यावर कर्ण्यासारख्या लाल फुलाचं चित्र. अमरिलिस. थंडीत घरातल्या घरात फुलतं म्हणे. कांद्याची मान मातीच्या वर ठेवायची, पाणी बेताचं, ऊन भरपूर. मी तो कुंडीत लावला आणि जाता-येता त्यात डोकावायला लागले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

मामंजी पडल्या पडल्या म्हणाले, "बगून उगवत न्हाई, सूनबाई. कुनी टक लावून बसलं तर शेळीसुदीक वीत न्हाई."

"मग तुम्ही सांभाळा की!" मी वैतागून बोलून गेले. "ह्याला फूल आलं की मी स्वतः तुम्हाला वर नेऊन सोडते. पण आपल्याकडे ऊन सकाळी स्वयंपाकघरात असतं आणि दुपारी गॅलरीत. कुंडी तुम्हीच हलवायची."

मामंजी उठून बसले. "सबूद?"

"शब्द."

त्यांनी वॉकरला कापडी पिशवी अडकवली, पिशवीत कुंडी ठेवली आणि निघाले. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरापर्यंत जाताना घामाघूम झाले. पण गेले. पुढे वॉकर सुटून हातात काठी आली, पिशवी खांद्यावर गेली. संध्याकाळी मी बांगड्यांच्या दुकानातून आले की आम्ही दोघं कुंडीपाशी चहा घ्यायचो. ते मला शेळ्यांच्या खोड्या सांगायचे, मी त्यांना गिऱ्हाइकांच्या. हिरवा जाड दांडा वर आला, टोकाला कळी धरली, तेव्हा ते खुशीत होते आणि मला मात्र चैन पडेना. वर पाय घसरला तर कोण उचलणार? खरं तर तेवढंच नव्हतं. मला ते जायलाच नको होते.

संक्रांतीला माझी आई आंबवड्याहून तीळगूळ घेऊन आली. मी दुकानातून परतले तर मामंजी झोपलेले, आणि आई हात झाडत गॅलरीतून आत येत होती.

"आगं, तुज्या कांद्याला डेंगळा आलावता. मोडून टाकला म्या. बरं झालं, मी आले. न्हाई तर कांदा पोकळ झाला आसता."

आईला काय बोलणार? तिचा जन्म कांद्याच्या वाफ्यात गेला. कांद्याला फुलाचा दांडा आला, म्हणजे डेंगळा आला, की कांदा वाया जातो. तो दिसला की मोडायचा, एवढं तिच्या हाताला पक्कं ठाऊक.

मामंजी उठले, कुंडीकडे बघितलं, आणि पुन्हा भिंतीकडे वळले. तो दांडा मला फेकवेना. लोट्यात पाणी घेऊन मी तो ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीशी उभा केला.

पुढच्या दिवसांत संध्याकाळी घरी यावं, तर ते तसेच पडलेले. चहाला हाक मारली तर "हितंच दे." आणि तिकडे ओट्यावर कळी फुगत चाललेली. हिरवी साल फाटली, आत लाल दिसायला लागलं. सांगितलं तर ते जाणार, न सांगितलं तर असेच झिजणार. दुकानात कुणी हिरव्या बांगड्या मागितल्या की मी लाल काढून ठेवत होते.

एका सकाळी बघते तर दोन फुलं पूर्ण उघडलेली. मी लोटा उचलला आणि थेट त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"मामंजी, उठा. शब्द दिला होता."

ते वळले. चेहऱ्यावर काही नवल दिसेना. "काल दुपारीच उमलाया लागलंवतं त्ये," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"मंग पानी कोन बदलत व्हतं? तू दुकानाला गेलीस की काठी घिऊन जायचो ओट्यापातूर."

मी लोट्यात डोकावले. पाणी नितळ होतं, काठोकाठ. मी एकदाही बदललं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुज्या मनाची तयारी व्हवू दी, म्हनलं."

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदमच.

त्या दुपारी टेम्पो बोलावला. रस्ता संपला तिथून मामंजी काठी टेकत पुढे, मी पिशवी घेऊन मागे. निम्म्या चढावर मलाच धाप लागली. ते थांबले, वळून एका दगडाकडे काठीनं खूण करत म्हणाले, "बस वाईच. घाई न्हाई."

आणि मी बसले.