माळावरच्या कातळावर लाल अक्षरं

ऐंशीच्या सुमारास मी बांद्याच्या वाचनालयात कारकून होतो. धरणामुळे गाव सुटलेला एक शेतकरी दर बाजारदिवशी यायचा. त्याला अक्षरओळख नव्हती. मी वाचायचो आणि तो वाक्यागणिक "मगे?" म्हणायचा.

एकदा मासिकात आलं होतं, की अमेरिकेत चेरोकी या तिथल्या आदिवासी लोकांना मुलखातून हाकलताना ज्या माळावर छावणीत ठेवलं, तो माळ आजही राखलाय, तिथे पाटीसुद्धा आहे.

तो ताडकन उठला. "त्येंचां लिवन ठेवलां? मगे आमचां कोण लिवतलो? चला!"

वाटेत रंगाचा डबा घेऊन त्याने मला धरणामुळे उठवलेल्या त्याच्या गावकऱ्यांच्या पत्र्याच्या शेडींपाशी नेलं. माळावरच्या कातळावर मी त्यांच्या सुटलेल्या गावाचं नाव लिहिलं. माणसं भोवती जमली. त्याने ओल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ते लाल बोट उंच धरून ओरडला,

"बघा रे, गाव माझ्या बोटाक लागलो!"