मांडीवरची मोटार

बनाबाईनं उभ्या आयुष्यात साधी सायकलसुद्धा चालवली नव्हती. राहात्याच्या पेरूच्या बागांत ती लहानाची मोठी झाली, लग्न होऊन श्रीरामपुरात आली, आणि नवरा एसटीचा ड्रायव्हर असूनही तिचं फिरणं घर ते बाजार एवढंच राहिलं. रखमाजी कायम मुक्कामाच्या गाडीवर. आज अकोले, उद्या शेवगाव. ते परत आले की पायांतल्या चपला काढता काढता रस्त्याच्या गोष्टी सांगायचे, कुठं पूल खचलाय, कुठल्या घाटात करवंदाची जाळी लागलीय, आणि बनाबाई भाकरी थापता थापता ऐकायची. तिला ती सगळी गावं तोंडपाठ होती. डोळ्यांनी पाहिलेली त्यातली फार थोडी.

नोकरीची शेवटची काही वर्षं उरली असताना रखमाजी डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. लांबचं धूसर दिसत होतं. साहेबांनी त्यांना स्टेअरिंगवरून उतरवून डेपोच्या गेटवर बसवलं आणि तिथूनच ते रिटायर झाले. तेव्हापासून ते एसटीच्या पायरीवर चढले नाहीत. लग्नकार्य निघालं तर कुणाची जीप बघायचे, नाहीतर रेल्वेनं जायचे. "दुसऱ्याच्या हातात गाडी असली की माझा जीव घाबरतो," असं लोकांना सांगायचे. खरं कारण बनाबाईला ठाऊक होतं. पण ते तिनं कधी त्यांना बोलून दाखवलं नाही.

घरी बसल्यावर माणूस मुका झाला. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी ओट्यावर बसून रस्त्याकडं बघणं. रस्त्याच्या गोष्टी आटल्या आणि घरात भांड्यांचाच काय तो आवाज राहिला.

त्यांची एकुलती एक लेक यशोधरा पुण्यात एका कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला होती. नव्व्याण्णव सालच्या आंबेडकर जयंतीला ती घरी आली ती एक काळी चपटी पेटी घेऊन. कंपनीनं जुना म्हणून काढून टाकलेला लॅपटॉप तिनं मागून घेतला होता. मिरवणूक बघून आल्यावर तिनं वायर लावली, झाकण उघडलं, आणि पडद्यावर एक रस्ता आला. दोन्ही बाजूंना झाडं, पुढं वळण.

"नाना, हे तुमच्यासाठी," यशोधरा म्हणाली. "मोटारींच्या शर्यतीचा खेळ आहे. हे बटण दाबलं की पळते. हे दाबलं की ब्रेक. ह्या दोन बाणांनी वळवायची."

रखमाजींनी चष्मा पुसला. पडदा जवळच असल्यानं त्यांना नीट दिसत होतं. त्यांनी बटण हळूच दाबलं. मोटार निघाली.

"हॉर्न कुठाय?"

"हॉर्न नाहीये नाना याला."

"हॉर्न न्हाई? मंग वळणावर समोरच्याला कळायचं कसं?"

यशोधरा हसली. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला गेली, पेटी मागं राहिली.

रखमाजी रोज तिच्यापुढं बसू लागले. शर्यत असली तरी ते आपली गाडी डाव्या अंगानं, बेतानं चालवायचे. बाकीच्या मोटारी भर्रकन निघून जायच्या. त्यांना कितीही जागा मिळाली तरी वळणावर ते कुणाला ओलांडायचे नाहीत. दरवेळी शेवटचा नंबर. पण त्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. "गाडीला ओरखडा न्हाई आला," असं बनाबाईला समाधानानं सांगायचे. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं होतं, आणि बनाबाईला तेवढं पुष्कळ होतं.

एका दुपारी ते डुलकी काढत असताना तिनं पेटी समोर ओढली. नुसतं बघावं म्हणून. बटण दाबलं. मोटार सुटली आणि बनाबाईनं बटणावरचं बोट तसंच दाबून धरलं. पहिल्या वळणाला गाडी झाडावर आदळली. तिनं इकडं तिकडं बघितलं, कुणी पाहिलं नव्हतं. तिनं पुन्हा सुरू केली. मग पुन्हा. ब्रेकच्या बटणाकडं तिचं बोट गेलंच नाही. झाडं, डोंगर, कुठला तरी समुद्र मागं पडत होता, आणि एकेक मोटार तिनं अशी मागं टाकली, जशी आठवडी बाजारात गर्दीतनं वाट काढावी.

"अगं, समोर वळण हाय," मागून आवाज आला.

रखमाजी कधी उठून बसले होते कुणास ठाऊक. बनाबाई ओशाळली, पेटी सरकवू लागली.

"थांबू नको. चालत्या गाडीत ड्रायव्हर उतरत न्हाई." ते सरकून तिच्या शेजारी बसले. मग बोटानं भिंतीवर दोनदा टकटक करून म्हणाले, "डबल बेल. चल."

तेव्हापासून तो शिरस्ताच पडला. ड्रायव्हर बनाबाई, कंडक्टर रखमाजी. ते सुरुवातीला डबल बेल द्यायचे, वाटेत वळणं सांगायचे, आणि ती ऐकायची नाही म्हणून वैतागायचे. शेजारची रतनबाई एकदा विरजण मागायला आली ती हा प्रकार बघून दारातच उभी राहिली. "बना, तू गाडी हाकतीस व्हय?" तिनं विचारलं. बनाबाईनं मान वर न करता "व्हय" म्हटलं.

पण मे महिना लागला आणि पेटी तापायला लागली.

पत्र्याचं घर. दुपारी भांड्यातलं पाणीसुद्धा कोमट व्हायचं. बनाबाईची गाडी जोरात सुटली की पेटीच्या आतून घरघर सुरू व्हायची, ती वाढत जायची, खालचा भाग मांडीला चटके द्यायचा, आणि शर्यत ऐन रंगात आली की पडदा काळा ठार. नुसती उघडून ठेवली तर काही व्हायचं नाही. खेळ लावला की मात्र हमखास.

"इंजन तापतंय," रखमाजी म्हणायचे. "घाटात असंच व्हायचं. बाजूला घ्यायची, बॉनेट उघडायचं, च्या प्यायचा." मग बनाबाई चहा टाकायची. पेटी गार होईस्तोवर दोघं ओट्यावर बसायचे, आणि रखमाजींना कुठल्या ना कुठल्या घाटात तापलेली गाडी आठवायची.

मांडीला चटके बसतात आणि लेकीच्या वस्तूला फरशीनं चरे पडतील, म्हणून बनाबाईनं आपल्या जुन्या पातळांची एक छोटी गोधडी शिवली. चांगली जाड, आत जुन्या उशीतला कापूस घालून. पेटी तिच्यावर ठेवली, म्हणजे बाजूनं वर येणाऱ्या गोधडीत ती तान्ह्या लेकरासारखी रुतून बसायची. तरी तापायची. उलट जास्तच तापायची. बनाबाई एका हातानं गाडी हाकायची आणि रखमाजी पंख्यानं पेटीला वारा घालायचे.

शेवटी एके दिवशी बनाबाईनं माठाची युक्ती केली. माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार राहतं, हे कुणाला माहीत नाही? तिनं रखमाजींना काही न सांगता गोणपाट भिजवला, घट्ट पिळला, गोधडीखाली घातला. थोडा वेळ बरं चाललं. मग घरघर थांबली, करपल्यासारखा वास आला आणि पडदा गेला तो गेलाच. चहा झाला, ऊन उतरलं, तरी पेटी उघडेना.

बनाबाईचा चेहरा पडला. गोणपाट तिनं गुपचूप दोरीवर वाळत टाकला. रखमाजींनी तो बघितला.

दुसऱ्या दिवशी दोघं पेटी घेऊन टीव्ही दुरुस्त करणाऱ्या सुनीलकडं गेले. त्यानं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि दोन्ही हात मागं घेतले. "मावशी, टीव्ही असता तर आत्ता खोलला असता. ह्याला मी हात लावत न्हाई. पुण्यालाच न्या."

"यशीला काय सांगू?" घरी येताना बनाबाई म्हणाली. "एवढ्या हौसेनं पोरीनं आणली."

"सांगू काहीतरी."

"रेल्वेनं जायचं तर दौंडाला गाडी बदलावी लागंल. लई येळ जाईल." मग ती जरा थांबून म्हणाली, "एष्टी नीट पुण्याला जाती."

रखमाजींनी पेटी दुसऱ्या काखेत घेतली. "पेटीला गचके बसतील," ते म्हणाले.

"मी मांडीवर घेते ना."

सकाळी स्टँडवर पुण्याची गाडी लागली. रखमाजी पायरीपाशी येऊन थांबले. बनाबाई आधी चढली, गोधडीत गुंडाळलेली पेटी पोटाशी धरून, आणि वरून नुसती त्यांच्याकडं बघत राहिली. मागून माणसं ढकलायला लागली तेव्हा ते चढले. मधल्या बाकावर बसले. गाडी हलली तसा त्यांचा उजवा पाय आपोआप फळीवर दाबला गेला.

बेलापूर मागं पडलं तेव्हा ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि कंडक्टरला काहीतरी सांगितलं. कंडक्टर मागं आला. "नाना, ड्रायव्हर बोलवत्यात. कानिफनाथ हाय, तुमच्या हाताखाली शिकलेला. म्हणतोय, पुढं या, केबिनात बसा."

"नको. हितं बरा हाय मी."

"जावा की," बनाबाई म्हणाली. "माझी पेटी काय पळून जात न्हाई."

ते गेले. बनाबाईला मधल्या बाकावरून त्यांची पाठ आणि पिकलेले केस तेवढे दिसत होते. आधी ते अंग चोरून बसले होते. राहुरी येईपर्यंत त्यांचा हात उठून समोर काहीतरी दाखवू लागला. कानिफनाथ मान डोलवत होता. एवढ्या वर्षांच्या संसारात नवरा कामावर कसा दिसतो हे बनाबाईनं नीट असं कधी बघितलंच नव्हतं. ती नगर येईपर्यंत खिडकीबाहेर न बघता पुढंच बघत राहिली.

नगरच्या स्टँडवर ते लिंबू सरबताचे दोन ग्लास घेऊन तिच्या खिडकीशी आले. "पोरगं चांगलं चालवतं," ते म्हणाले. "वळणावर जरा घाई करतं. तुझ्यासारखी."

पुण्याला खडकीत यशोधरा वृषाली नावाच्या मैत्रिणीबरोबर एका खोलीत राहायची. आईबाप अचानक दारात, तेही एसटीनं आलेले, हे बघून ती आधी घाबरली, मग तिनं पेटी टेबलावर घेतली. बारीक स्क्रूड्रायव्हरनं तळाचं झाकण उघडलं आणि बघतच राहिली. आतला चिमुकला पंखा गावाकडच्या साखर कारखान्याच्या काजळीनं काळा झाला होता आणि त्याच्या पात्यांत पांढऱ्या कापसाचे पुंजके अडकून बसले होते.

"हा कापूस कुठून आला?"

बनाबाईनं मांडीवरच्या गोधडीची घडी मुठीत आवळली.

"गोधडीवर ठेवत होतो आमी," रखमाजी म्हणाले. "चरे पडू नयेत म्हणून. माझंच डोकं. वरनं वलं फडकंबी मीच घातलं."

यशोधरानं कपाळाला हात लावला. "नाना, खालून आणि बाजूनंच तर हवा आत जाते. तीच तुम्ही बंद केलीत. तुम्ही तर ड्रायव्हर. इंजिनाच्या तोंडावर कुणी गोधडी घालतं का?"

"घातली खरी," रखमाजी म्हणाले. "म्हातारपण, दुसरं काय."

बनाबाई त्यांच्याकडं बघत राहिली. ज्या माणसानं अठ्ठावीस वर्षांत एका गाडीचं इंजिन जळू दिलं नव्हतं आणि त्याच एका गोष्टीचा ज्याला अभिमान होता, तो मान खाली घालून लेकीचं बोलणं ऐकून घेत होता. तिनं गोधडी बाजूला ठेवली. "यशे," ती म्हणाली, "गोधडी मी शिवली. गोणपाटबी मीच घातला. ह्यांना ठाऊकबी नव्हतं."

यशोधरानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. मग ती जुन्या टूथब्रशनं पंख्याची पाती साफ करू लागली, पण तिचे ओठ हसू दाबत होते.

साफसफाई झाली, ओल सुकली होतीच. चारी कोपऱ्यांखाली चार बुचं ठेवून तिनं पेटी उचलून धरली, म्हणजे खालून वारा खेळेल. बटण दाबलं. पंखा गुणगुणला, पडदा उजळला. "घ्या नाना, चालवून बघा."

"ड्रायव्हर ती हाय," रखमाजी म्हणाले आणि टेबलावर दोनदा टकटक केलं.

बनाबाईनं पदर खोचला. गाडी सुटली. यशोधरा आणि वृषाली मागं उभ्या राहून बघत होत्या. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, दोन मोटारी मागं पडल्या.

"आई, ब्रेक," यशोधरा न राहवून म्हणाली.

"तिला ते बटण दाखवू नको," रखमाजी म्हणाले. "उगं गोंधळंल."

त्या दिवशी कितीतरी दिवसांनी शर्यत शेवटपर्यंत चालली. बनाबाई दुसरी आली.

घरी आल्यावर पेटी पाटावर, चार बुचांवर बसू लागली. दर रविवारी रखमाजी जुन्या दाढीच्या ब्रशनं तिच्या जाळ्या झाडायचे. उन्हाच्या कडाक्यात ती अधूनमधून गरम व्हायची, तेव्हा दोघं खेळ थांबवून चहा घ्यायचे. गोधडी बनाबाईनं रतनबाईच्या नातवाला, बारशाला दिली.

त्या वर्षी पाऊस सरता सरता रखमाजी एकदा सकाळी म्हणाले, "भंडारदऱ्याला जाऊ. अकोल्याला गाडी बदलायची." बनाबाईनं दशम्या बांधल्या. अकोल्याच्या पुढं रस्ता डोंगरात शिरला. सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झाले होते. रखमाजींना लांबचं धूसरच दिसत होतं, तरी प्रत्येक वळण यायच्या आधी ते तिला सांगत होते, आता डाव्या हाताला ओढा लागंल, आता आंब्याचं झाड. ओढा यायचा. झाडही यायचं. एका ठिकाणी त्यांनी सांगितलेलं झाड आलं नाही, तुटलं असावं, पण बनाबाई म्हणाली, "दिसलं दिसलं, लई मोठं हाय," आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून धरणाचं पाणी कुठं दिसतंय का ते बघू लागली.