उमरीकडची गाय

हे मी आजवर कुणाजवळही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, ऑफिसातल्या पोरींजवळ नाही. देवासमोरही नाही – देवासमोर बसले की मी दुसरंच काहीतरी मागून उठते. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा गेल्या आठवड्यात एक बाई आली आणि तिनं एक साधा प्रश्न विचारला, त्यामुळं असेल. त्या बाईकडं येतेच मी. पण सरळ येणं जमणार नाही, तेवढं सांभाळून घ्या.

नांदेडला माझी एक लहानशी संस्था आहे. ज्यांच्या घरात खून पडला, ज्यांना जाळायला निघाले, ज्यांच्यावर कुणी हात टाकला, अशा माणसांच्या सोबत आम्ही जातो. दवाखान्यात, ठाण्यात, कोर्टात. साक्ष होईपर्यंत त्यांना कुठंतरी सुरक्षित ठेवतो. नांदेड आणि लातूर, दोन्ही जिल्ह्यांत. ऐकायला मोठं वाटतं, पण सगळा डोलारा सरकारी अनुदानावर. अनुदान आलं तर आम्ही आहोत, नाही आलं तर दाराला कुलूप. त्यामुळं माझा निम्मा वेळ काम करण्यात जातो आणि निम्मा वेळ काम केल्याचं सरकारला पटवण्यात. खरं सांगू? या दुसऱ्या कामात मी जास्त हुशार आहे.

अनुदानाच्या प्रस्तावाला एक यशोगाथा जोडावी लागते. एका पीडितेची गोष्ट, फोटोसकट. नाव बदलायचं, गाव लिहायचं नाही, चेहरा दिसू द्यायचा नाही. नियम चांगलाच आहे. त्यावर आम्हा सगळ्या संस्थांनी मिळून एकच तोडगा काढलाय – पाठमोरा फोटो. डोक्यावर पदर घेतलेली बाई, पुढ्यात शेत नाहीतर शिलाई मशीन. मी चेष्टेनं म्हणायचे, मंत्रालयात बसलेल्यांना वाटत असेल मराठवाड्यातल्या बायकांना तोंडच नसतं.

तर कमल. नाव बदललेलं आहे – सवय.

कमल लातूरकडच्या रेणापूर तालुक्यातली. बांधावरून भावकीत भांडण लागलं आणि चुलत दिरांनी तिच्या नवऱ्याला तिच्या डोळ्यांदेखत कुऱ्हाडीनं मारलं. आजूबाजूच्या शेतांत माणसं होती. पंचनाम्याच्या वेळी कुणालाच काही दिसलेलं नव्हतं. एकटी कमल म्हणाली, मी पाहिलं. सगळा खटला तिच्या त्या एका वाक्यावर उभा होता. दीर जामिनावर सुटले तसं आम्ही तिला आणि तिच्या लेकीला तिथून काढलं आणि इकडं नांदेड जिल्ह्यात, उमरीच्या बाजूला एका खेड्यात, तिच्या लांबच्या मावशीकडं ठेवलं. ही मावशी सासरी कुणाला ठाऊक नव्हती. निघताना कमलनं भांडीकुंडी सोडली, कपडे सोडले, पण बापानं लग्नात दिलेली गाय सोडायला तयार होईना. मी चिडले. म्हटलं, जीव वाचवायला निघालीस की बाजाराला?

"ताई, हिला हितं सोडलं तर ते हिला बी जगू देणार न्हाईत."

गाय टेम्पोत चढवली. आणि टेम्पोच्या फळीवर हात ठेवून मी कमलला शब्द दिला, तू कुठं आहेस हे आमच्याबाहेर कुणाला कळणार नाही.

गाय देवणी जातीची होती. माझे वडील त्या देवणी गावचेच, घरात माणसांपेक्षा गुरांच्या गप्पा जास्त व्हायच्या. आमच्याकडं माणूस एकदा बघितलेलं जनावर विसरत नाही. बाजारात नुसतं पुठ्ठ्याकडं, मागच्या मांडीकडं बघून सांगतात – ही अमक्याच्या गोठ्यातली, हिची आई तमक्यानं विकली होती. कमलची गाय शेवरी, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे डाग असलेली, आणि दोन शेवऱ्या गायींचे डाग कधी सारखे नसतात. हिच्या डाव्या पुठ्ठ्यावर मोठा काळा डाग होता आणि त्याच्या मधोमध पांढरा ठिपका, तव्यावर पीठ सांडावं तसा. हे सगळं मला येत होतं. शहरात वाढलेल्या एखादीला म्हणता आलं असतं, मला काय ठाऊक! मला ती सोय नाही.

त्या वर्षी अनुदानाचं काही खरं दिसत नव्हतं. तुमच्या प्रस्तावात जीव नाही, असं एका साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. मी उमरीला गेले. कमलला म्हटलं, पाठमोरा फोटो हवाय, यातून दुसऱ्या बायांची सोय होईल. तिनं फक्त एवढंच विचारलं, की तेवढ्यावर सरकार पैसे देतं का. देतं, म्हटलं. ती लगेच पदर सारखा करून उभी राहिली.

फोटो काही जमेना. नुसती पाठ, नुसती भिंत. मग मी म्हटलं, गायीजवळ उभी राहा. आणि गायीचं दावं धरून – मीच, माझ्या या हातांनी – तिची डावी बाजू कॅमेऱ्याकडं वळवली. डाग छान दिसत होता.

त्या फोटोचा आम्ही मोठा फ्लेक्स केला. अनुदान देणाऱ्या विभागानं लातूरला मेळावा ठेवला होता, तिथं संस्थांनी आपापले स्टॉल मांडायचे होते. फ्लेक्स छापणारे सलीमभाई आमचे जुने. संगणकावर फोटो बघून ते जरा थांबले.

"मॅडम, बाईपेक्षा गायच जास्त दिसून राहिली हो. बारीक करू का?"

मी म्हटलं, राहू द्या, तिच्यामुळंच लोक थांबतील.

थांबले की. साहेब थांबले, फ्लेक्ससमोर स्वतःचा फोटो काढून घेतला, म्हणाले, याला म्हणतात पुनर्वसन. मी हरभऱ्याच्या झाडावर. दुपारी गर्दी पांगल्यावर एक माणूस आला. पांढरा सदरा, खांद्यावर गमछा. त्यानं एक अक्षर वाचलं नाही. बाईकडंही बघितलं नाही. तो गायच बघत होता.

"गाय झकास हाय, ताई. इकडलीच म्हना की. देवनीची."

आता यावर काय करायचं असतं? हात जोडायचे आणि पाणी प्यायला उठून जायचं. पण गुरांचा विषय निघाला, आणि माझ्या अंगात बाप आला. जनावराबद्दल मला कुणी शिकवायचं? मी म्हटलं – जात देवणी हो, पण गाय तिकडं उमरीकडं आहे.

"उमरीकडं व्हय."

त्यानं बोट पुढं केलं आणि त्या डागावर ठेवलं. पांढऱ्या ठिपक्याभोवती ते सावकाश एकदा फिरवलं.

"डाग वळखीचा वाटला, म्हनून इचारलं."

गेला. आमचं पत्रक पुढं केलं होतं, ते तसंच माझ्या हातात राहिलं. बाजूच्या स्टॉलवरची बाई चहाला बोलवत होती. मला कळलं होतं. तुम्हाला सांगते, त्याच क्षणी कळलं होतं.

मग काय करायला हवं होतं? गाडी काढून तशीच उमरी गाठायची. कमलला आणि पोरीला उचलायचं, पोलिसांना सांगायचं. पण सांगायचं तर कारणही सांगावं लागलं असतं. साक्षीदार बाईचा ठावठिकाणा भर मेळाव्यात सांगणाऱ्या संस्थेला अनुदान कोण देतं? निर्णय तोंडावर आला होता. मी मनाला समजावलं – असेल कुणी गुरांचा शौकीन. आपल्याकडं काय कमी आहेत? मंजुरी हातात पडू दे, मग हळूच हलवू. फ्लेक्स मी गुंडाळून गाडीत टाकला.

तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती कबुली. हीच असती तर बरं झालं असतं. बढाईखोर बाई, तोंडाची फाटकी – एवढं तर मी कुणालाही हसत सांगितलं असतं.

मग कमलचा फोन आला.

"ताई, एक मानूस आलता. गाय इकत घेतू म्हनत व्हता. मी न्हाई म्हनलं तरी बसूनच राहिला. पानी पिला. गायीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. मग लेकीला इचारलं, बाळ, साळा कंची तुजी?"

मागं कुठंतरी त्या पोरीचा आवाज येत होता, ती कविता पाठ करत होती बहुतेक. मग कमलनं विचारलं –

"तुमी कुनाला सांगितलं न्हाई ना, ताई?"

संशयानं नाही हो. घाबरलेलं माणूस दाराची कडी लावलेली असूनही पुन्हा एकदा बघतं, तसं. आणि मी हसले. हसले मी! म्हटलं, अगं येडे, देवणी गाय दारात बांधलीस, गिऱ्हाईक येणारच. मी कशाला कुणाला सांगू?

ती पण हसली. केवढी हलकी झाली ती माझ्या त्या हसण्यानं. "तसंच असंल," म्हणाली आणि फोन ठेवला. खरं बोलले असते तर संध्याकाळच्या आत ती तिथून निघाली असती. तिला पळणं नवीन नव्हतं. मी तिला बसवून ठेवलं.

एका सकाळी गोठ्यात गाय नव्हती. दावं कापलेलं नव्हतं. कुणीतरी ते शांतपणे सोडलं होतं आणि नीट गुंडाळून घराच्या उंबऱ्यावर ठेवलं होतं. मावशीचं कुत्रं भुंकलंसुद्धा नाही. मग रेणापूरकडून बातमी आली, की गाय दिरांच्या दारात आहे. रस्त्याच्या बाजूला खुंटा रोवून बांधलीय, कपाळाला हळदकुंकू, गळ्यात नवा गोंडा. येणारा-जाणारा बघतो. कुणी विचारलं तर दीर म्हणायचे, चरत चरत आली, घरची ती घरची. उमरीहून रेणापूरला गाय चरत येते? पण गावात हसायची कुणाची छाती नव्हती. कमलला कुणी फोन केला नाही, चिठ्ठी पाठवली नाही. कुणी काही बोललंच नाही, मग धमकीची तक्रार तरी कशावर द्यायची? पोरगी शाळेत जायची बंद झाली.

त्याच सुमारास मंजुरीचं पत्र आलं. आम्ही पेढे वाटले. मीही खाल्ला.

लातूरच्या कोर्टात कमल उभी राहिली आणि म्हणाली, मी सैपाक करत व्हते, मला काही दिसलं न्हाई. सरकारी वकिलांनी कपाळावर हात मारला. दीर सुटले. परतीच्या वाटेवर गाडीत आमच्या पोरी रडत होत्या, चिडल्या होत्या, इतकं केलं या बाईसाठी आणि तिनं हे फळ दिलं म्हणत होत्या. आणि मी काय म्हणाले? "अशा बायकांसाठी कितीही करा, ऐनवेळी कच खातातच." हे मी म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पण गाडीत बसण्याआधी कोर्टाच्या व्हरांड्यात कमल माझ्याजवळ आली होती. मला वाटलं, आता विचारेल. लेक तिच्या पदराआड होती. कमल म्हणाली, "ताई, ते फोटूचं काम झालं का? दिले का सरकारनं पैसे?"

"दिले."

"बरं झालं. कुनाच्या तरी कामी आलं."

हे ती कशी म्हणाली? टोमणा होता का? की खरंच तसं वाटलं होतं तिला? मी ते वाक्य हजारदा उलटंपालटं करून बघितलंय. काही कळत नाही. ती जिना उतरून गेली. आता ती कुठं असते, मला ठाऊक नाही. या वेळी खरंच ठाऊक नाही.

त्या अनुदानावर आम्ही जगलो. आणखी दोन खोल्या झाल्या, गाडी झाली. पोरींनी तो फोटो मोठ्या हौसेनं फ्रेम करून माझ्या खुर्चीमागं लावला, आमची पहिली मोठी मंजुरी म्हणून. उतरवायचा तर कारण सांगावं लागेल. तो तिथंच आहे.

गेल्या आठवड्यात देगलूरकडून एक बाई आली. गळ्यावर वळ, कडेवर पोर. नवरा शोधत फिरतोय म्हणाली. माझ्यासमोर बसली आणि तिनं विचारलं, मी हितं हाय हे कुनाला कळनार न्हाई ना? मी म्हटलं, कुणालाही नाही. माझा आवाज अजिबात हलला नाही. सरावाचं वाक्य आहे.

तिचा जीव भांड्यात पडला. पोराला मांडीवर घेऊन ती पहिल्यांदाच खोलीत इकडंतिकडं बघू लागली. मग तिची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली, तिथंच थांबली, आणि तिचा चेहरा जरासा उजळला.

"गाय लई चांगली हाय, ताई," ती म्हणाली. "कुठली?"

मी मागं वळून बघितलं नाही. माहीत नाही, म्हटलं.