सासूबाईंचा स्लाइडशो

आमच्या फोटोग्राफी ग्रुपमध्ये फोटो काढणं हे नुसतं निमित्त होतं. खरा कार्यक्रम स्लाइडशोचा. महिन्यातून एका रविवारी सुरतेत, उधन्यातल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही जमायचो, पडदे ओढून घ्यायचो आणि एकमेकांचे फोटो उडताना बघायचो. उडताना म्हणजे खरोखरच. एखादा बगळा डावीकडून गिरक्या घेत यायचा, वहीच्या पानासारखा उलटायचा, मग त्याचे तुकडे व्हायचे, तुकड्यांतून तापीवरचा सूर्यास्त जुळायचा, आणि तो नीट दिसू लागतोय तोच त्यावर पाण्याचा थेंब पडून सगळं विरघळायचं. मागे बासरी. बासरी सगळ्यांची एकच होती, कारण ती फुकट मिळायची.

मी पर्वत पाटियाजवळ साड्यांच्या एका होलसेल दुकानात काम करते. नव्या मालाचे फोटो काढून व्यापाऱ्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवायचे, हे माझं काम. त्यातून हौस लागली, एक जुना कॅमेरा घेतला आणि कुणाच्या तरी ओळखीने या ग्रुपमध्ये शिरले. पहिल्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, "कॅमेरा कुठला?" दुसऱ्या वेळी विचारलं, "लेन्स कुठली?" राहता कुठे, हे काही कुणी विचारलं नाही.

ग्रुपचे अध्यक्ष म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ. अंगात कायम खिसेच खिसे असलेलं खाकी जाकीट. सुरतेच्या उन्हाळ्यातसुद्धा. त्या खिशांत काय असायचं ते कुणाला कळलं नाही, पण चालताना खुळखुळायचं. त्यांच्या खालोखाल मान होता एका निवृत्त प्राध्यापकांना. ते कुठल्याही स्लाइडशोनंतर उभे राहून म्हणायचे, "माझ्याकडे शब्दच नाहीत," आणि मग चहा गार होईपर्यंत बोलायचे.

आमच्यात एक अलिखित करार होता. मी तुझ्या बगळ्याला वाहवा म्हणतो, तू माझ्या बगळ्याला म्हण. व्हॉट्सअॅपवर कुणी व्हिडिओ टाकला की टाळ्या वाजवणारे हात लगेच यायचे. माझ्या मोबाइलवर तो व्हिडिओ अजून गोल गोल फिरत उतरतोय, आणि खाली प्राध्यापकांचं "अप्रतिम शेवट!" येऊन पडलेलंसुद्धा.

माझी पाळी आली तेव्हा मी मोजके फोटो नेले. मार्केटमधले हमाल, कापडाचे गठ्ठे, जेवणाच्या सुट्टीत पायऱ्यांवर झोपलेली माणसं. बासरी नव्हती, गिरक्या नव्हत्या. एक फोटो यायचा, थोडा वेळ थांबायचा, मग दुसरा. पहिला फोटो पडद्यावर आला तेव्हा हॉलमध्ये शांतता पसरली. मला वाटलं, बघतायत. तेवढ्यात मागून आवाज आला, "हँग झालंय वाटतं." एकाने उठून लॅपटॉपची वायर हलवली. दुसरा म्हणाला, "बंद करके चालू करो." मी म्हटलं, "चालूच आहे हो." शेवटी अध्यक्षांनी माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं करून सांगितलं, "ताई, प्रयत्न चांगला आहे. पण प्रेक्षकाला असं एकाच जागी धरून ठेवू नये."

पुढे ग्रुपची सहल ठरली. फोटोवॉक म्हणायचं. अध्यक्षांनी जाहीर केलं की आता बगळे पुरे झाले, आता माणूस. खरा, घामाचा, कष्टाचा माणूस. तो कुठे मिळतो यावर चर्चा झाली आणि नवागाम ठरलं. मी नवागाममध्येच राहते. ज्या दिवशी ही मंडळी माझ्या गल्लीत खरा माणूस शोधायला येणार होती, त्या दिवशी मी आणि माझे यजमान नंदुरबारला भाच्याच्या साखरपुड्याला होतो. घरी सासूबाई एकट्याच.

आम्ही परत आलो तर सासूबाई भलत्याच खुशीत. त्या मूळच्या धुळ्याकडच्या. तीस-पस्तीस वर्षं सुरतेत काढली, पण घरात अहिराणीच बोलतात. म्हणाल्या, "म्युनिसिपालटीना साहेब उना व्हता." त्यांनी सगळं सांगितलं ते असं: खाकी जाकीट घातलेला एक साहेब गल्लीत आला, सोबत तीन-चार कारकून, सगळ्यांच्या गळ्यात मशीन. आमच्या दारापुढचं गटार उन्हाळाभर तुंबलेलं होतं. सासूबाईंनी साहेबाला हाताला धरून गटारापाशी नेलं आणि जी तक्रार केली ती केली. साहेब एक अक्षर बोलला नाही, नुसता फोटो काढत राहिला. "पुरावा पाहिजे ना त्याला," असं सासूबाईंचं म्हणणं. आता गटार होणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मला शंका होती. पण जाकिटाचं वर्णन ऐकून मी गप्प बसले.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये अध्यक्षांचा नवा स्लाइडशो लागला. नाव होतं, 'वेदनेचे चेहरे'. अक्षरं जळत जळत आली. मग आमची गल्ली आली, काळी-पांढरी, धुक्यातली. आमच्याकडे धुकं कधी पडत नाही. तेही त्यांनीच टाकलं होतं. आणि मग अचानक अख्ख्या पडद्यावर सासूबाई. तोंड अर्धवट उघडं, कपाळावर आठ्या, एक हात वर उचललेला. कॅमेरा हळूहळू एकेका सुरकुतीत शिरू लागला. खाली अक्षरं उमटली, 'ती वाट पाहते...' मग वरून गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि सासूबाईंचा धूर झाला.

दिवे लागले. पुढच्या रांगेतले एक गुजराती काका "सरस! बहु सरस!" म्हणत उभेच राहिले. प्राध्यापकांकडे शब्द नव्हते. ते म्हणाले, "त्या डोळ्यांत बघा. मुलगा परगावी गेलाय. परत आलेला नाही. ही माउली तशीच दारात उभी आहे."

तो मुलगा खाली स्कूटर लावून माझी वाट बघत उभा होता.

मी म्हटलं, "या माझ्या सासूबाई आहेत."

अध्यक्ष क्षणभर गडबडले, मग त्यांचा चेहरा उजळला. "काय सांगता! ताई, मग तुम्ही भाग्यवान!"

"सर, पण त्या कुणाची वाट बघत नाहीयेत. गटाराची तक्रार करतायत. तुम्ही म्युनिसिपालटीचे आहात असं त्यांना वाटलं."

"ते असू दे हो," अध्यक्ष म्हणाले. "भाव बघा, भाव. कारण गौण आहे."

प्राध्यापकांनी मान डोलावली. त्यांनीच परगावी धाडलेला मुलगा त्यांना सोडवत नव्हता. मग कुणीतरी सुचवलं की पुढच्या महिन्यात सासूबाईंना बोलवून त्यांचा सत्कार करावा. शाल, श्रीफळ आणि कलावंताबरोबर एक फोटो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, त्या हॉलमध्ये हात आपोआप वाजायचे.

सासूबाई सत्काराला आल्या त्या हिरवीगार जरीची साडी नेसून आणि गल्लीतल्या चार बायका घेऊन. पहिल्या रांगेत बसवलं. अध्यक्ष प्रस्तावनेत श्रमाबद्दल, मातीबद्दल आणि स्वतःच्या लेन्सबद्दल बोलले. मग अंधार झाला. अक्षरं जळाली, धुकं आलं, बासरी सुरू झाली आणि सासूबाई पडद्यावर आल्या.

आमच्या गल्लीत असला व्हिडिओ एकाच प्रसंगी बनतो. माणूस गेलं की त्याचा चेहरा काळा-पांढरा करतात, वरून फुलं पाडतात, मागे बासरी लावतात आणि दहाव्याची वेळ खाली लिहून सगळ्या नातेवाइकांना पाठवतात. पाकळ्या पडायला लागल्या तशी शेजारची, मराठवाड्यातली मावशी सवयीनं हात जोडून बसली. मग दचकून म्हणाली, "अगं बया, ह्या तर हितंच बसल्यात की!"

पडद्यावर धूर झाला. अंधारात सासूबाईंचा खणखणीत आवाज आला, "मी मरी गऊ का काय?"

कुणीतरी घाईघाईनं दिवा लावला. अध्यक्ष पुढे आले. पाकळ्या म्हणजे आदर, धूर म्हणजे काळ, असं त्यांनी शुद्ध मराठीत समजावलं. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गटारनं काय व्हयनं?"

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

सत्कार झाला. शाल सासूबाईंना आवडली. पण घरी जाताना स्कूटरवर मागे बसून त्या यजमानांना सांगत होत्या, त्या साहेबाला सांग, माझा चांगला फोटो काढ म्हणावं. रंगीत. तोंड मिटलेला.

दोन दिवसांनी अध्यक्षांनी ग्रुपवर एक लांबलचक मजकूर टाकला. कलाकृती समजून घ्यायला प्रेक्षकाची तयारी लागते, वगैरे. खाली टाळ्यांचे हात आले. पण बाण कुठेतरी लागला असावा, कारण पुढच्या आठवड्यात त्यांचा मला फोन आला. "ताई, तुमच्या सासूबाईंना दुखावलं असेल तर... येऊ का एकदा?"

आले. जाकीट घालूनच. कल्पना अशी होती की सासूबाईंचा एक साधा रंगीत फोटो काढायचा आणि निघायचं. पण बातमी गल्लीभर झाली होती. सासूबाईंनी दारात प्लास्टिकची खुर्ची मांडली, हिरवी साडी, वर सत्काराची शाल, आणि ताठ बसल्या, जणू आधार कार्डासाठी. अध्यक्ष म्हणाले, "आजी, जरा नैसर्गिक." सासूबाई आणखी ताठ झाल्या. त्यांचा फोटो होतोय तोवर मावशी खुर्चीमागे येऊन उभी. तिच्यामागे तिची सून, नातवंडं. मग समोरच्या घरातली मंडळी. प्रत्येकाला आपल्या दारापुढे फोटो पाहिजे, प्रत्येकाला तोंड मिटलेला पाहिजे, आणि गटार दिसता कामा नये. अध्यक्षांनी कोन बदलून बदलून गटार टाळलं. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत एवढं अवघड काम त्यांनी केलं नसेल. दुपार कलली. कुणी चहा आणला, कुणी कळण्याची भाकरी आणि ठेचा. ठेचा खाऊन साहेबांच्या डोळ्यांना जे पाणी आलं, ते कुठल्याही स्लाइडशोत शोभलं असतं. शेवटी त्यांनी जाकीट काढून खुंटीला अडकवलं.

घरी जाऊन त्यांनी सगळ्यांचा मिळून एक व्हिडिओ केला आणि मला पाठवला. रंगीत, बदामाच्या चौकटी, फुगे, सगळं होतं. सोबत लिहिलं होतं, "ग्रुपवर टाकू नका, प्लीज."

मी तो सासूबाईंना दिला. सासूबाईंनी गल्लीला दिला. गल्लीनं धुळ्याला, अमळनेरला, परभणीला धाडला. मावशीच्या सुनेनं त्यात आपल्या मोबाइलवर काढलेला एक फोटो घुसवला: अध्यक्ष आमच्या ओट्यावर मांडी घालून बसलेत, बनियनचं टोक शर्टाबाहेर, बशीतून चहा फुंकतायत, तोंड अर्धवट उघडं. त्याच्यावरही पाकळ्या पडतात. खाली लिहिलंय, 'आमचे फोटोवाले साहेब'.

फिरत फिरत तो कधीतरी त्यांच्यापर्यंत पोचलाच. लगेच फोन आला. आवाज अगदी बारीक. "ताई, माझा फोटो आहे त्यात. मला कुणी विचारलं नाही. जरा... बरा नाही आलेला तो. काढता येईल का?"

मी मोबाइल हातानं झाकून सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, "चांगला दिखस."